वाचकाने काय वाचलं, हे ग्रंथालयाने किती दिवस लक्षात ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रंथालयाची देवघेव पूर्णपणे संगणकावर आली आहे. कोणत्या वाचकाने कोणतं पुस्तक नेलं ही नोंद किती काळ ठेवायची? पोलीस, पालक किंवा संस्थेतले वरिष्ठ ती मागायला आले तर काय करायचं? आणि हे सगळं सांभाळताना माहिती मिळवण्याची वाटच अडवून तर बसत नाही ना?

पहिल्या भागाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. पुस्तक परत आलं आणि दंड किंवा भरपाई बाकी नसली की वाचक आणि पुस्तक यांची जोडी तोडून टाकावी. फाटलेली पानं, गायब झालेला नकाशा यांची चौकशी करता यावी म्हणून शेवटच्या वाचकाची नोंद फार तर १५ ते ३० दिवस ठेवावी. त्याहून जास्त काळ ठेवण्याची जी कारणं सांगितली जातात, त्यातली बहुतेक 'असू द्या, कधी लागली तर' याच धाटणीची असतात.

हे काही नवीन खूळ नाही. जुनी ब्राऊन पद्धत आठवा. वाचकाचं पाकिटासारखं तिकीट, त्यात पुस्तकाचं कार्ड सरकवायचं आणि ती जोडी परतीच्या तारखेप्रमाणे ट्रेमध्ये लावायची. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकाच्या खिशात, तिकीट वाचकाच्या हातात, आणि ट्रेमध्ये मागमूसही नाही. कायमची नोंद उरत नाही, हा या पद्धतीचा दोष म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जायचा! नेवार्क पद्धतीत उलटं होतं. पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक आणि तारीख लिहिली जायची, आणि परत आल्यावर ते कार्ड पुन्हा पुस्तकातच जायचं. आधी कोणी कोणी नेलं, हे पुढच्याला दिसायचं. संगणकीकरण करताना आपण कोणतीही चर्चा न करता नेवार्कचीच निवड केली, तीही कधीच न भरणाऱ्या कार्डाची.

म्हणूनच वाचकाची गोपनीयता भिंतीवर लावलेल्या धोरणपत्रकात शोधू नका. ती प्रणालीच्या आयत्या सेटिंगमध्ये, लॉग फायलींमध्ये (संगणक आपोआप लिहीत जातो त्या नोंदींमध्ये), बॅकअपमध्ये आणि काउंटरवरच्या चिठ्ठीत सापडते किंवा हरवते.

नोंद नेमकी कुठे कुठे उरते

कोहा ही ग्रंथालयाचं काम चालवणारी मुक्त प्रणाली उदाहरणाला घेतो, कारण तिच्यात आतलं सगळं उघडून पाहता येतं. इतर प्रणालींत नावं बदलतील, दुखणी हीच राहतील.

चालू देवघेव डेटाबेसमधल्या 'इश्यूज' या टेबलमध्ये, म्हणजे तक्त्यात, असते. परत आल्यावर तीच ओळ 'ओल्ड इश्यूज'मध्ये जाते, वाचकाच्या क्रमांकासकट, आणि आपण काही केलं नाही तर कायमची तिथेच राहते. जोडी तोडण्याची सोय प्रणालीतच आहे. आधी एक निनावी सभासद तयार करायचा. त्याला ईमेल नको, मुदत खूप पुढची, आणि श्रेणी अशी की वार्षिक आकडेवारीत तो मोजला जाणार नाही. त्याचा अंतर्गत क्रमांक 'ॲनॉनिमस पेट्रन' या सेटिंगमध्ये भरायचा. बारकोडचा क्रमांक नव्हे. इथे हमखास चूक होते. मग ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या परतीच्या नोंदी या निनावी सभासदाच्या नावावर वळवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, रोज रात्री चालेल असं वेळापत्रकात टाकायचं.

ओपॅक म्हणजे वाचकांसाठीची ऑनलाइन तालिका. तिच्यासाठीची 'ओपॅक प्रायव्हसी' चालू केली तर वाचकाला स्वतःच निवड करता येते: इतिहास कायम ठेवा, नेहमीच्या नियमाप्रमाणे पुसा, किंवा परत करताक्षणी पुसा. ही सोय जरूर द्यावी. 'हा भाग मी वाचलाय का हो?' असं विचारणारे वाचक प्रत्येक ग्रंथालयात असतात, आणि त्यांना स्वतःचा इतिहास हवा असतो. तो त्यांच्या मर्जीने राहावा, आपल्या आळसाने नव्हे. मात्र निनावी सभासदाचं सेटिंग रिकामं ठेवून ही निवड चालू केली, तर 'परत करताक्षणी पुसा' निवडलेल्या वाचकांची पुस्तकं जमा करताना काउंटरवर त्रुटी येऊ लागते. कर्मचाऱ्याला वाटतं बारकोड बिघडला.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि काम झालं म्हणून थांबतात. खरं काम इथून पुढे आहे, कारण तीच जोडी आणखी पाच-सहा ठिकाणी जिवंत असते.

'स्टॅटिस्टिक्स' टेबलमध्ये प्रत्येक देवघेवीची वेगळी ओळ पडते, आणि तिच्यात वाचकाचा व पुस्तकाचा क्रमांक दोन्ही असतात. वरची स्क्रिप्ट या टेबलला हात लावत नाही. देवघेवीचा लॉग चालू असेल तर 'ॲक्शन लॉग्ज'मध्ये तीच जोडी तिसऱ्यांदा येते. पाठवलेल्या स्मरणपत्रांचा मजकूर संदेशांच्या रांगेच्या टेबलमध्ये पडून असतो, पुस्तकाच्या नावासकट. दंडाच्या नोंदीत वर्णन म्हणून पुस्तकाचं शीर्षक लिहिलेलं असतं, आणि दंड भरून वर्षं झाली तरी ते तसंच असतं. पूर्ण झालेली आरक्षणं वेगळ्या टेबलात. नवीन खरेदीसाठी वाचकाने केलेल्या सूचना आणखी वेगळ्या. ओपॅकमध्ये लॉगिन करून केलेले शोध शोध-इतिहासात. आणि या सगळ्याच्या बाहेर वेब सर्व्हरचा लॉग, ज्यात शोधलेले शब्द पत्त्याच्या ओळीतच असतात आणि शेजारी वाचकाचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या संगणकाचा नेटवर्कवरचा क्रमांक. 'नैराश्य उपचार' हे शब्द, दुपारची वेळ आणि वाचनकक्षातल्या तिसऱ्या संगणकाचा पत्ता, एवढं एका ओळीत मिळालं की नाव काढायला फार डोकं लागत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी साफ करणारी एक सामाईक स्क्रिप्ट कोहासोबतच येते. तिला कोणता भाग किती दिवसांपर्यंत ठेवायचा ते सांगावं लागतं. न सांगितलेला भाग ती सोडून देते. वेब सर्व्हरचे लॉग तिच्या आवाक्यात येत नाहीत, त्यांची मुदत सर्व्हरवरच्या लॉग फिरवण्याच्या सेटिंगमध्ये बसवावी लागते. मी सुचवेन ते आकडे असे: संदेशांचा मजकूर ३० दिवस, शोध-इतिहास ७ दिवस, देवघेवीचा लॉग ३० दिवस, वेब सर्व्हरचा लॉग १४ दिवस. हिशेब तपासणीसाठी पैशांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवाव्या लागतात, ते ठीक आहे. तपासनीसाला रक्कम, तारीख आणि पावती क्रमांक लागतो. शीर्षक लागत नाही.

बॅकअप विसरू नका. आज रात्री पुसलेली जोडी कालच्या बॅकअपमध्ये आहेच. बॅकअपची मुदत सहा महिने असेल तर तुमची खरी मुदतही सहा महिनेच, धोरणात ३० दिवस लिहिलं असलं तरी. रोजचे १४ आणि साप्ताहिक ४ बॅकअप एवढे बहुतेक ठिकाणी पुरतात. स्थलांतराच्या वेळी काढलेली 'फायनल', 'फायनल २' अशी डेटाबेसची प्रत कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर हमखास असते. ती शोधून काढा.

पुसण्याआधी एक काम मात्र करायलाच हवं. वार्षिक अहवालाला, खरेदीच्या नियोजनाला आणि पुस्तकं बाद करताना जे आकडे लागतात ते आधी काढून वेगळे ठेवा: महिन्यानुसार देवघेव, वर्गांकानुसार (विषयाच्या क्रमांकानुसार) देवघेव, वाचकश्रेणीनुसार देवघेव, आणि प्रत्येक प्रतीची एकूण फेऱ्यांची संख्या. शेवटची संख्या बहुतेक प्रणाली प्रतीच्या नोंदीतच ठेवतात, ती निनावी करण्याने बिघडत नाही. मग डेटाबेसच्या एका प्रतीवर स्क्रिप्ट चालवून पाहा, आधी आणि नंतर ओळींची मोजणी करा, जुळली तरच खऱ्या डेटाबेसवर. हे परत फिरवता येत नाही.

निनावी सभासदाचं एक दुखणं सांगून ठेवतो. मुदत संपलेले सभासद घाऊक काढून टाकण्याच्या उत्साहात कुणीतरी तोही काढून टाकतं. नव्या आवृत्त्या असं करू देत नाहीत, जुन्या देतात. त्याच्या नावातच 'काढू नये' असं लिहून ठेवा, ओंगळ दिसलं तरी.

नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं नाही

२००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी शोधांची माहिती नावं काढून जाहीर केली होती. प्रत्येकाच्या नावाच्या जागी एक क्रमांक होता. पत्रकारांनी त्यातल्या ४४१७७४९ क्रमांकामागची बाई काही दिवसांत शोधून काढली, फक्त तिने काय काय शोधलं त्यावरून. वाचनाची यादीही तशीच बोलकी असते. 'नावाऐवजी क्रमांक टाकलाय' हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही.

ग्रंथालयात हे बहुतेक वेळा अहवालातून बाहेर पडतं. समजा विभागनिहाय वापराचा तक्ता समितीसमोर ठेवला आणि त्यात एक ओळ आहे: विधी विभाग, अध्यापक श्रेणी, वर्गांक ६१६.८६, देवघेव १. ड्यूई वर्गीकरण पद्धतीत ६१६.८६ म्हणजे व्यसनाधीनता. त्या विभागात अध्यापक चारच असतील तर नाव लिहिण्याची गरज उरत नाही. उपाय सोपा आहे. पाचापेक्षा कमी आकडा असेल तिथे '५ पेक्षा कमी' लिहा आणि वर्गांक तीन अंकांवर आणा. पण एकच चौकट झाकून ओळीची बेरीज तशीच ठेवली, तर वजाबाकी करून झाकलेला आकडा काढता येतो. दुसरीही एक चौकट झाकावी लागते, किंवा बेरीज ढोबळ द्यावी लागते. तक्ता करणाऱ्याला हे सांगितल्याशिवाय सुचत नाही.

काउंटर

तंत्रज्ञान बाजूला ठेवा. बहुतेक गळती काउंटरवरच होते, आणि ती बंद करायला पैसे लागत नाहीत.

आरक्षित पुस्तकांचा कप्पा पाहा. पुस्तकातून वर डोकावणारी चिठ्ठी, तिच्यावर ठळक अक्षरात पूर्ण नाव आणि कणा समोर. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचू शकतो की कोण घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक न्यायला येणार आहे. चिठ्ठीवर कार्ड क्रमांकाचे शेवटचे चार अंक आणि तारीख एवढंच छापा, कणा आत वळवा, किंवा कप्पा काउंटरच्या मागे घ्या.

स्मरणपत्राच्या विषयाच्या ओळीत शीर्षक नको. 'ग्रंथालयाकडून सूचना' पुरे. एसएमएसमध्ये तर मुळीच नको. नोंदवलेला फोन बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्याच कुणाचा असतो, आणि कुलूप लावलेल्या फोनच्या पडद्यावरही संदेश दिसतो. उशीर झालेल्यांची नावं आणि पुस्तकं सूचनाफलकावर लावणं आजच बंद करा. त्याने पुस्तकं लवकर परत येतात असं काहींचं म्हणणं असतं. माझ्या मते पुस्तक येतं, वाचक येत नाही.

पुस्तक देताना शीर्षक मोठ्याने वाचू नये, काउंटरचा पडदा रांगेकडे वळलेला नसावा, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांनी मिळून एकच 'काउंटर १' असं लॉगिन वापरू नये. शेजाऱ्याचं खातं सहज कुतूहलाने उघडून पाहणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरचा नसतो. स्वतंत्र लॉगिन आणि कामापुरतेच अधिकार दिले की निम्मं कुतूहल आपोआप शमतं.

सार्वजनिक संगणकांपाशी ठेवलेली वहीही तशीच. नवीन माणूस आपलं नाव लिहिताना वरची वीस नावं, वेळा आणि फोन नंबर वाचतो. चिठ्ठ्या आणि बंद पेटी ठेवा, दिवसाअखेर बेरीज करा, चिठ्ठ्या नष्ट करा. संगणक प्रत्येक वापरानंतर मूळ स्थितीला जाईल अशी व्यवस्था हवी. नुसता ब्राउझर बंद केल्याने डाउनलोड झालेली फाइल तिथेच राहते, आणि ती बहुतेक वेळा कुणाचं तरी ओळखपत्र किंवा अर्ज असतो. छपाईच्या रांगेत फायलींची नावं सगळ्यांना दिसू नयेत. भाड्याने घेतलेलं कॉपी मशीन परत करताना त्यातली हार्ड डिस्क पुसून घ्या. बऱ्याच मशिनांत स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर उरलेल्या असतात.

सीसीटीव्ही दारावर, जिन्यावर, मार्गिकेवर असू द्या. टेबलावरचं पान किंवा संगणकाचा पडदा वाचता येईल असा कोन नको. १५ दिवसांनी चित्रण आपोआप पुसलं जावं.

भिंतीपलीकडे काय जातं

स्वयंचलित देवघेव यंत्रं आणि ई-पुस्तकांचे पुरवठादार बहुधा सिप २ या नियमावलीने आपल्या प्रणालीशी बोलतात. हे संदेश साध्या मजकुरात जातात, पासवर्डसुद्धा. म्हणून ही वाहतूक कूटबद्ध बोगद्यातूनच, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशी, न्यावी (त्यासाठी एसटनेल किंवा व्हीपीएन ही साधनं), आणि ठरावीक आयपी पत्त्यांनाच प्रवेश द्यावा. याहून कमी लक्ष जाणारी गोष्ट पुढची. पुरवठादाराला फक्त 'हा आपला सभासद आहे का?' एवढंच हवं असतं. पण सभासदाची माहिती मागणारा ६३ क्रमांकाचा संदेश आला की आपली प्रणाली ६४ क्रमांकाच्या उत्तरात नाव, घरचा पत्ता, ईमेल आणि फोन असं सगळं ताट वाढून देते. पत्ता बीडी या खुणेत, ईमेल बीईमध्ये, फोन बीएफमध्ये. कोहामध्ये प्रत्येक सिप खात्यापुरती ही क्षेत्रं लपवता येतात. नवीन करार झाला की पहिल्याच दिवशी ते करा, मग चाचणी खात्याने एक विनंती पाठवून उत्तरात खरंच काय जातंय ते डोळ्यांनी पाहा.

जर्नल्ससाठी संस्थात्मक लॉगिन असेल तिथेही हाच न्याय. प्रकाशकाला 'सदस्य' एवढा दर्जा आणि प्रत्येक प्रकाशकासाठी वेगळा, अर्थ न लागणारा ओळख-क्रमांक पाठवला की काम चालतं. नाव आणि ईमेल सोडण्याची गरज नसते, जरी जोडणीच्या अर्जात ते 'आवश्यक' म्हणून छापलेलं असलं तरी. विचारून पाहा, बऱ्याचदा ते आवश्यक नसतं. प्रॉक्सी सर्व्हर (वाचकाला संस्थेच्या पत्त्यावरून प्रकाशकाकडे नेणारा मध्यस्थ) वापरत असाल तर एक खरी अडचण आहे. कुणी हजारो लेख एकदम उतरवून घेतले तर प्रकाशक पूर्ण संस्थेचा प्रवेश बंद करतो, आणि त्या सत्रामागचं खातं शोधावं लागतं. त्यामुळे प्रॉक्सीचा लॉग शून्य दिवस ठेवता येत नाही. ३० दिवस पुरतात. लॉगमध्ये नावाऐवजी सत्र क्रमांक ठेवा आणि सत्र व नाव यांचा दुवा वेगळ्या फायलीत, जी दोनच माणसांना उघडता येईल.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालं होतं की अडोबीचं ई-पुस्तक वाचण्याचं सॉफ्टवेअर, डिजिटल एडिशन्स ४, वाचकाने कोणतं पुस्तक उघडलं आणि कोणती पानं वाचली हे कंपनीच्या सर्व्हरला पाठवत होतं, तेही कूटबद्ध न करता. ग्रंथालयांमार्फत उसनी घेतलेली ई-पुस्तकं अनेक जण त्यातूनच वाचत. ग्रंथालयाने काहीच केलं नव्हतं, आणि अडचण तीच होती: करार करताना कुणी विचारलंच नव्हतं. करारात चार गोष्टी लिहून घ्या. कोणती माहिती गोळा होते, किती दिवस राहते, कुणाला दिली जाते, आणि करार संपल्यावर ती पुसल्याचं लेखी कोण देणार.

स्वतःच्या ओपॅकची तपासणी दहा मिनिटांत होते. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा, एखाद्या पुस्तकाचं पान उघडा आणि कोणकोणत्या डोमेनला विनंत्या जातात ते मोजा. मुखपृष्ठाचं चित्र बाहेरच्या सेवेवरून थेट येत असेल तर त्या सेवेला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) आणि वाचकाचा आयपी पत्ता एकत्र मिळतो. म्हणजे तुमच्या तालिकेत कोण काय पाहतंय ते तिला ग्रंथपालाच्या आधी कळतं. चित्रं स्वतःच्या सर्व्हरवर साठवा. समाजमाध्यमांची शेअर बटणं काढा. भेटींची मोजणी हवीच असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं माटोमो घ्या आणि आयपी पत्त्याचे शेवटचे दोन भाग झाकायला सांगा.

आरएफआयडीची, म्हणजे रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगची, भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. पुस्तकावरचे १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग मीटरभराच्या आतच वाचता येतात. टॅगवर प्रतीचा क्रमांक एवढंच ठेवा, शीर्षक नको, आणि वाचकाच्या कार्डावर नाव नको. विषय संपला.

मागायला कोणी आलं तर

काउंटरवरच्या माणसाला एकच वाक्य पाठ असावं: 'ही माहिती देण्याचा अधिकार मला नाही, ग्रंथपालांना भेटा.' त्याने हो म्हणू नये, नाही म्हणू नये, आणि मुख्य म्हणजे पडदा वळवून दाखवू नये. ग्रंथपालाने मागणी लेखी घ्यावी: कोण, कोणत्या पदावर, कोणत्या कायद्याच्या किंवा आदेशाच्या आधारे, नेमकी कोणती नोंद, कोणत्या तारखांची. मग कायदेशीर सल्लागाराला दाखवावी. आदेश वैध असेल तर द्यायचं, पण मागितलं तेवढंच. एका दिवसाची नोंद मागितली असताना सगळा महिना एका फायलीत काढून देणं ही मदत नव्हे. काय, कुणाला, कधी दिलं याची नोंद ठेवा.

मागणी आल्यावर काही पुसायचं नाही. तो पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होऊ शकतो. रोज रात्री ठरल्याप्रमाणे पुसणं आणि पोलीस येऊन गेल्यावर पुसणं यांत हाच फरक आहे. वेळापत्रक लेखी, जुनं आणि न चुकता पाळलेलं असेल तर 'आमच्याकडे ही नोंद नसते' हे उत्तर खरं आणि पूर्ण असतं. मागणी आली की तिच्यापुरती रात्रीची साफसफाई थांबवायला विसरू नका.

अमेरिकेत २००५ मध्ये कनेक्टिकटच्या एका ग्रंथालय-संघाकडे सुरक्षा यंत्रणेने एका दिवसातल्या ४५ मिनिटांत एक संगणक कोणी वापरला याची माहिती मागितली, आणि सोबत या मागणीबद्दल कुणाशीही बोलायला बंदी घातली. चार ग्रंथपाल न्यायालयात गेले. २००६ मध्ये सरकारने आधी बंदीचा आग्रह आणि मग मागणीही सोडली. प्रत्येकाला असं लढता येईल असं नाही. पण संगणकाच्या वापराची यादी त्याच संध्याकाळी पुसली जात असेल, तर लढण्याची वेळच क्वचित येईल.

मागणाऱ्यांमध्ये पोलीस विरळाच असतात. जास्त करून येतात ते पालक, शिक्षक, जोडीदार आणि संस्थेतले वरिष्ठ. 'सहज बघायचं होतं' म्हणणाऱ्या वरिष्ठांनाही मागणी लेखी द्यायला सांगा. निम्म्या मागण्या कागद पुढे केल्यावर विरतात. पालकांचं प्रकरण नाजूक आहे. मुलाच्या वयाबाबत कायदा काय सांगतो ते आधी पाहा आणि तो पाळा. त्याच्या मर्यादेत, पैसे भरण्याची जबाबदारी पालकांची असेल तर रक्कम, पुस्तकांची संख्या आणि परतीची तारीख सांगावी. शीर्षक सांगू नये. हरवलेल्या पुस्तकाची किंमत भरायला लावताना शीर्षक लपत नाही. म्हणून आधी मुलाशी बोला, शोधायला आठवडाभर द्या. बरीच पुस्तकं तेवढ्यात गादीखाली सापडतात.

आणि वाट अडते का?

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं एक म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. आपण काय नेतोय हे कुणाला कळेल या भीतीने जो वाचक मागतच नाही, त्याच्यापर्यंत त्याचं पुस्तक पोहोचत नाही. वाट अडवतात त्या वेगळ्याच गोष्टी.

पहिली, सभासद होताना गोळा केलेले कागद. ओळखपत्र पाहा, परत द्या, 'तपासलं' एवढी तारखेसह नोंद करा. झेरॉक्स फायलीला लावली की ती सांभाळणं आलं. पत्त्याचा पुरावा नसलेल्यांना निदान वाचनकक्ष, संगणक आणि एका पुस्तकाचं कार्ड मिळेल अशी श्रेणी ठेवा. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी सुलभ स्वरूपातल्या प्रती करण्याची वाट २०१३ च्या माराकेश कराराने मोकळी केली. ती सेवा देतानाही अपंगत्वाचं प्रमाणपत्र साठवू नका, 'पात्र' एवढा शेरा पुरतो.

दुसरी, इंटरनेटचे फिल्टर. शब्दांवर चालणारे फिल्टर स्तनाच्या कर्करोगाची माहिती अडवतात आणि ज्याला आडवाटा माहीत आहेत त्याला अडवत नाहीत. फिशिंग आणि घातक सॉफ्टवेअरचे गट बंद ठेवा. बाकी काही बंद ठेवणं कायद्याने भाग असेल तर काउंटरवरून दोन मिनिटांत, कारण न विचारता, पान उघडून देता आलं पाहिजे. ज्या पानासाठी लेखी अर्ज करावा लागतो ते पान बंदच समजा. अडवलेल्या पानांची यादी दर महिन्याला पाहा, पण वापरणाऱ्याच्या खात्याशी न जोडता.

पुस्तकावर आक्षेप आला तर तोही लेखी घ्या, संपूर्ण पुस्तक वाचलं का हा रकाना अर्जात ठेवा, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत पुस्तक फडताळावरच राहू द्या.

संदर्भ सेवेत 'कशासाठी हवंय?' हा प्रश्न विषय नेमका करण्यापुरताच विचारावा. वैद्यकीय, कायदेशीर प्रश्नांत 'माहिती किती सविस्तर हवी?' असं विचारलं तरी तेच साधतं. चॅटवरच्या संदर्भ सेवेचं संभाषण वाचकाला हवं असेल तर त्याला पाठवून पुसून टाका, प्रशिक्षणासाठी ठेवायचं तर नाव, फोन, गाव काढून. आणि वाचकाचा ईमेल जसाच्या तसा एआय चॅटबॉटमध्ये चिकटवून उत्तर तयार करणाऱ्या सहकाऱ्याला वेळीच थांबवा. प्रश्न स्वतःच्या शब्दांत टाकावा, नाव आणि सही कधीच नाही.

साठवलेलं चोरीलाही जातं

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर रायसिडा या खंडणीखोर टोळीने हल्ला केला. लायब्ररीने खंडणी दिली नाही, आणि सुमारे ६०० जीबी फायली चोरट्यांनी इंटरनेटवर टाकल्या. त्यात वाचकांची आणि कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहितीही होती. मार्च २०२४ मध्ये लायब्ररीने स्वतःच प्रामाणिक अहवाल प्रसिद्ध केला. दुरून वापरण्याच्या एका सर्व्हरवर दुहेरी पडताळणी नव्हती, हे त्यात लिहिलं आहे. तेव्हा सर्व्हरवर बाहेरून लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दुहेरी पडताळणी, पुरवठादाराच्या तंत्रज्ञालाही. तंत्रज्ञाचं खातं काम संपल्यावर बंद, कायमचं उघडं नाही. एक बॅकअप नेटवर्कपासून तोडलेला. तीन वर्षांहून जास्त काळ न आलेल्या, काहीही बाकी नसलेल्या सभासदांची खाती काढून टाका. निनावी सभासद सोडून!

शेवटी कागद. संगणकीकरण झाल्यावर जुन्या देवघेव नोंदवह्या गठ्ठे बांधून रद्दीत जातात. नावं, पत्ते, तारखा, पुस्तकं, सगळं हाताने सुवाच्य लिहिलेलं. त्या आधी श्रेडरमधून काढाव्यात, आणि श्रेडर लांब पट्ट्या काढणारा नको, आडवे-उभे बारीक तुकडे करणारा हवा. कागद नष्ट करण्याच्या डीआयएन ६६३९९ या जर्मन प्रमाणात पी ४ किंवा त्यावरची पातळी, म्हणजे एक तुकडा १६० चौरस मिलिमीटरहून मोठा नाही. लांब पट्ट्या काढल्या तर आडव्या ओळी अखंड राहतात आणि नाव, पुस्तक एकाच पट्टीवर सापडतं. वहीचं पान मशीनमध्ये आडवं घातलं की उभं, एवढ्यावर ते ठरतं.